कोण कशात गुंतलंय, ते आधी बघा

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाची निष्ठा. कुणी ती मागतंय, तर कुणी तिच्यावर शंका घेतली म्हणून दुखावलंय. मी १९८७ साली अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि २०२४ मध्ये अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी मराठवाड्यात झाली, लातूर, परभणी, नांदेड या जिल्ह्यांत. त्यामुळे उत्तरांत पुस्तकातलं कमी आणि वॉर्डातलं जास्त आहे. पुस्तकातलं जे मला खरोखर उपयोगी पडलं, तेवढंच घेतलंय.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका विश्वस्त संस्थेच्या १०० खाटांच्या रुग्णालयात मनुष्यबळ विभाग बघतो. नर्स सहा-आठ महिन्यांत सोडून जातात, तंत्रज्ञ पुण्याला जातात. विश्वस्त म्हणतात, लोकांत निष्ठाच उरली नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन कुणाची बांधिलकी किती आहे ते काढायला मला सांगितलंय. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, सफाई कामगार या सगळ्यांना एकच प्रश्नावली द्यावी का?

उत्तर : दादा, प्रश्नावली जरूर द्या. पण बांधिलकी 'किती' हे मोजण्याआधी ती 'कशाशी' आहे हे विचारा. नाहीतर आकडे हातात येतील आणि विश्वस्त त्यावरून भलत्याच माणसाला शाबासकी देतील.

कॅनडातले जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये ही गोष्ट उलगडून मांडली. माणूस नोकरीशी तीन तऱ्हांनी बांधलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. एक ओढ: मला इथं राहावंसं वाटतं. दुसरा हिशेब: सोडलं तर परवडणार नाही, म्हणून राहिलेय. तिसरं ऋण: यांनी मला घडवलं, अडचणीत सांभाळलं, आता सोडून जाणं बरं दिसत नाही. एकाच माणसात तिन्ही कमी-जास्त असतात. त्यांच्या पुढच्या प्रश्नावलीत प्रत्येक प्रकाराची सहा, अशी १८ विधानं आहेत. तुमच्या हातात बहुधा तीच पडेल. कृपा करून तिन्हींची बेरीज करू नका. ज्याला ओढ आहे तो मन लावून काम करतो, विनाकारण दांड्या मारत नाही, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय. ज्याला फक्त हिशेब अडवून ठेवतो, तो नोकरीत टिकतो, पण त्याच्या टिकण्याने रुग्णाला फायदा होतोच असं नाही.

हे मी अनुभवाने सांगतेय. १९९६ च्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या मुलाला टायफॉईड झाला. माझ्या नाईट चालू होत्या. मी दोन रात्री बदलून मागितल्या. बदली करणारी मैत्रीण तयार होती, तिने तसं लिहूनही दिलं होतं. वरिष्ठांनी अर्ज न वाचताच परत सरकवला. 'प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी आजारीच असतं,' एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मी दुसऱ्यांच्या लेकरांच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. त्यानंतर माझी हजेरी एका दिवसानेही कमी झाली नाही. पण दहा मिनिटं आधी येऊन आधीच्या पाळीकडून नीट ओव्हर घेणं, म्हणजे रुग्णांची माहिती समजून घेणं, बंद झालं. मीटिंगमध्ये बोलणं बंद झालं. सलाईनचा स्टँड मोडलाय, दुरुस्तीला पाठवा, अशी आठवण करणंही मी सोडून दिलं. नोकरी सोडायचा विचार बऱ्याचदा आला. पण पतसंस्थेचं घरकर्ज होतं, नवऱ्याची शाळा त्याच गावात होती, पेन्शनची वर्षं भरायची होती. हॉवर्ड बेकर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्येच लिहून ठेवलंय की माणूस नोकरीच्या आजूबाजूला अशा बारीकसारीक गोष्टी गुंतवत जातो आणि पुढे त्याच त्याला धरून ठेवतात. त्या काळात तुमची प्रश्नावली मला दिली असती, तर माझी बेरीज चांगली आली असती. आणि मी मनाने तिथं नव्हते.

तीन वर्षांनी नव्या अधिसेविका आल्या. पहिल्याच आठवड्यात रात्री अडीच वाजता वॉर्डात हजर. तपासणी समजून मी ताडकन उभी राहिले. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" आणि मग विचारलं, "या वॉर्डात काय काय मोडलंय?" मी सलाईनचा स्टँड सांगितला. चौथ्या दिवशी तो दुरुस्त होऊन आला. मी पुन्हा दहा मिनिटं आधी यायला लागले. पगार तोच, क्वार्टर तेच, रुग्णांची गर्दीही तीच होती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. गट वेगळे, तशा गाठीही वेगळ्या असतात.

डॉक्टरांची गाठ बहुतेक वेळा त्यांच्या हातातल्या कलेशी आणि त्यांच्या विषयातल्या माणसांशी असते. अमेरिकेतले आल्विन गोल्डनर यांनी १९५७ मध्ये असा भेद दाखवला होता: काहींची नजर आपल्या संस्थेवर असते, काहींची आपल्या व्यवसायाच्या मोठ्या जगाकडे. भूलतज्ज्ञाला तुमच्या रुग्णालयाच्या वर्धापनदिनाचं अप्रूप नसेल, पण भुलेचं मशीन वेळच्या वेळी तपासलं जातंय, औषध नेहमीच्या जागी मिळतंय, यावर तो खूश असतो. त्याला बेवफा समजू नका. त्याचं मन गुंतायची जागा शस्त्रक्रियागृह आहे. ते नीट ठेवलंत तर तो राहील.

नर्सच्या बाबतीत मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण 'नर्स' हा एक गट नव्हेच. सरकारी वॉर्डातली एक सकाळची पाळी डोळ्यांसमोर आणा. टेबलाशी तिघी जणी आहेत. पहिली २००३ ला लागली, तिला जुनी पेन्शन आहे. दुसरी २००८ ला लागली, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर, तिला जुनी पेन्शन नाही. तिसरी कंत्राटी, तिचा आदेश ११ महिन्यांचा. तिघींच्या अंगावर एकच युनिफॉर्म, तिघी एकाच ट्रॉलीवरून ड्रेसिंग करतात, पण म्हातारपणाचा हिशेब तिघींचा तीन तऱ्हांचा. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा माझ्या हाताखालची दुसरी बाहेर होती आणि तिसरी आत दोघींचं काम ओढत होती. दोघींना एकमेकींचा राग आला नाही. दोघींनीही मला वेगवेगळं येऊन सांगितलं, "मॅडम, तिचं बरोबरच आहे." अशा तिघींची सरासरी काढून तुम्ही 'परिचारिका संवर्गाची बांधिलकी' म्हणून एक आकडा लिहिणार असाल, तर त्या आकड्याचा उपयोग काय?

नर्सची खरी गाठ असते वॉर्डाशी. संस्थेचं नाव, बोधचिन्ह, विश्वस्त मंडळ ही तिच्यासाठी लांबची गोष्ट. तिची संस्था म्हणजे तिची परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर), तिच्या पाळीतल्या बाया आणि ड्युटी लावणारं पेन. ते पेन ज्याच्या हातात आहे, तो माणूस तिच्या दृष्टीने तुमचं रुग्णालय आहे.

तंत्रज्ञांना सगळेच विसरतात. क्ष-किरणवाला आणि प्रयोगशाळेतली मुलगी दिवसभर एकेका खोलीत एकटी असतात. त्यांच्याशी बोलणं म्हणजे "रिपोर्ट कुठाय?" एवढंच. आमच्याकडे एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. डेंग्यूच्या साथीत रात्री अकरापर्यंत बसून प्लेटलेट मोजत. रुग्ण घरी गेला की नर्सला साडी-चोळी, डॉक्टरला पेढे. यांना कुणी सांगायलाही जात नसे की तुम्ही काल रात्री ज्याचं रक्त तपासलं ते पोरगं आज चालत घरी गेलं. मी वॉर्डातून चिठ्ठी पाठवायला सुरुवात केली: अमुक खाट, आज डिस्चार्ज, बरा. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मला दाखवला. तुमचे तंत्रज्ञ पुण्याला पगारासाठी जात असतील, ते खरंच आहे. पण त्यांना त्यांच्या कामाचा शेवट कधी कळतो का, तेही बघा.

आणि मावशी, मामा. म्हणजे आपले कक्षसेवक, सफाईवाले. इथं मला किल्लारीचा भूकंप आठवतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. मी तेव्हा लातुरात होते, पोरगं वर्षाचं. चारच्या सुमारास मांडणीवरची भांडी खाली आली आणि आम्ही अंगणात पळालो. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूरकडून जीप, ट्रक, ट्रॅक्टर भरभरून माणसं यायला लागली. बोलावणं कुणाला गेलंच नव्हतं. सगळे आपापले निघून आले. सुट्टीवरचे डॉक्टर आले, नर्सिंगच्या शिकाऊ मुली आल्या. आणि एक मावशी आली. ती रोजंदारीवर होती आणि आदल्याच महिन्यात तिला कमी केलं होतं. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. पाण्याची बादली आणि फाटक्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन ती व्हरांड्यात बसली आणि एकेकाच्या तोंडावरची माती धुवायला लागली. घरांच्या मातीने माणसं अशी भरली होती की जखम कुठं आणि चिखल कुठं, ते डॉक्टरांना दिसत नव्हतं. मी तिला म्हटलं, "मावशी, तुमचं तर काम बंद झालंय ना?" ती म्हणाली, "सिस्टर, माणसं मातीनं भरल्यात, धुवायला कुणी नगं का?" ती पाच दिवस घरी गेली नाही.

'या संस्थेशी माझं घट्ट नातं आहे' अशा विधानापुढे तिने काय लिहिलं असतं? संस्थेने तर तिला काढून टाकलं होतं. तरी त्या पाच दिवसांत तिच्याएवढं बांधलेलं माणूस मला दुसरं दिसलं नाही.

म्हणून तुम्हाला काही गोष्टी आवर्जून सांगते. सफाई कामगारांकडून कागद भरून घेऊ नका. बसून, आपल्या बोलीत, एकेकीशी बोला, आणि ते काम मुकादमाला किंवा परिसेविकेला देऊ नका. पोटाची भीती असलेली बाई प्रत्येक विधानाला 'हो' म्हणणार. तिचे गुण सगळ्यांत जास्त येतील आणि तुम्ही म्हणाल, बघा गरीब माणूस किती निष्ठावान असतो. तो 'हो' तिच्या धाकातून आलेला असेल, आणि तुमच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना नसतो. दुसरं, नाव लिहू नका असं सांगून हुद्दा लिहून घेतलात, तर १०० खाटांच्या रुग्णालयात त्याला काही अर्थ नाही. तुमच्याकडे क्ष-किरण तंत्रज्ञ असून असून किती? एक किंवा दोन. मग नाव झाकलं कुठं?

आणि खरं सांगायचं तर प्रश्नच उलटा विचारा. अमेरिकेत नर्स टिकत नाहीत म्हणून ओरड होती, तेव्हा तिथल्या परिचर्या अकादमीने १९८३ मध्ये जिथं नर्स टिकतात अशी रुग्णालयं शोधली. १६३ पाहिली, ४१ निवडली आणि त्यांना चुंबक रुग्णालयं म्हटलं. तिथं नर्सच्या मताला निर्णयात जागा होती, मुख्य अधिसेविका वॉर्डात दिसत होती, डॉक्टर नर्सशी सहकाऱ्यासारखे वागत होते. तुमच्याकडेही दहा-दहा वर्षं राहिलेल्या दोन-चार जणी असतीलच. त्यांना चहाला बोलवा आणि त्या का राहिल्या ते ऐका.

मी अधिसेविका झाले तेव्हा प्रत्येक वॉर्डात एक वही ठेवली. महिन्याच्या २५ तारखेपर्यंत ज्याला जो दिवस सुट्टी हवी तो त्यात लिहायचा, कारण लिहायचं नाही. पुढच्या महिन्याची ड्युटी त्या वहीवरून लावायची. सगळ्यांचं सगळं जमत नसे. जिचं जमलं नाही तिला मी स्वतः सांगत असे आणि पुढच्या महिन्यात तिचं आधी बघत असे. खर्च वहीचा, तेवढाच. ज्या नर्स सोडून जात त्यांचीही मी नोंद ठेवली. पगाराचं कारण असायचंच, पण त्याच्या जोडीने दरवेळी एखादं बारीक काहीतरी निघे: होस्टेलच्या मोरीला कडी नाही, कपडे बदलायला खोली नाही, रुग्णासमोर डॉक्टर ओरडले, पगाराची तारीख कधी ठरलेली नाही. तुमच्या विश्वस्तांना आधी ही कडी बसवायला सांगा.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी अधिपरिचारिका आहे. नऊ वर्षं झाली, दरवर्षी ११ महिन्यांचा आदेश, मध्ये खंड. परवा बैठकीत साहेब म्हणाले, "कंत्राटींना संस्थेबद्दल आपुलकी नसते, त्यांचं लक्ष दुसऱ्या जाहिरातीकडे असतं." मी रडले. माझं खरंच चुकतंय का? मी जाहिराती बघते.

उत्तर : पोरी, जाहिराती बघण्यात काय चुकलं? जी संस्था दरवर्षी तुला काही दिवस 'तू आमची नाहीस' असं लेखी देते, तिने तुझ्या आपुलकीचा हिशेब मागू नये. आपुलकी दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. संस्थेला माझी काळजी आहे असं ज्याला वाटतं, त्याचंच मन संस्थेत रमतं.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तुलाच परत वाचून दाखवते. तू लिहिलंयस, 'प्रसूती कक्षात कुणाची पाळी असली तरी अवघड बाळंतपणाला मला उठवतात आणि मी जाते.' मेयर आणि ॲलन यांनी कॅथरीन स्मिथ यांच्यासोबत १९९३ मध्ये नर्स आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. त्यात संस्थेशी असलेली बांधिलकी आणि व्यवसायाशी असलेली बांधिलकी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून त्यांनी तपासल्या. तुझी दुसरी गाठ पक्की आहे. पहिली ढिली असेल तर ती तू सोडलेली नाहीस.

तुझ्या साहेबांपर्यंत हे पान पोहोचलं तर त्यांच्यासाठी लिहिते. साहेब, १२ मेला परिचारिका दिनाला गुलाबाची फुलं मोजून आणतात ती फक्त कायम कर्मचाऱ्यांची, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. हजेरीची वही वेगळी, फोटोत उभं राहायची रांग वेगळी, बोलण्यात 'आमच्या सिस्टर' आणि 'एनएचएमच्या', म्हणजे अभियानातल्या कंत्राटी, 'सिस्टर'. आदेश कायम करणं तुमच्या हातात नाही, हे मान्य. पण फूल, वही आणि रांग तुमच्या हातात आहे.

आणि तुझ्यासाठी: प्रत्येक आदेशाची प्रत, प्रत्येक रुजू अहवाल आणि प्रत्येक वर्षाचं अनुभव प्रमाणपत्र एका फाईलमध्ये लाव. मागायला संकोच करू नकोस. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण तारखेआधी कर. नऊ वर्षांचं काम कागदावर दिसलं पाहिजे, तेव्हाच उद्या कुठल्याही जाहिरातीत आणि कायम करण्याच्या कुठल्याही यादीत तू उभी राहू शकशील.

प्रश्न : बंधपत्रित (बाँडवरचा) वैद्यकीय अधिकारी म्हणून नांदेड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात माझं वर्ष संपत आलंय. पुढे मला एम.डी. करायचंय. निघणार म्हटल्यावर सगळे म्हणतात, "तुम्ही सगळे असेच, वर्ष काढायचं आणि जायचं." अपराधी वाटतं.

उत्तर : डॉक्टर, तुम्ही खुशाल शिकायला जा. बंधपत्राने वर्ष बांधता येतं, मन बांधता येत नाही. सरकारलाही ते ठाऊक आहे, म्हणूनच तर दंडाची रक्कम लिहिलेली असते. ३० हजार लोकसंख्येच्या केंद्रावर एकट्या माणसाला रात्रंदिवस ठेवायचं, क्वार्टर गळकं द्यायचं आणि मग त्याच्या मनाला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

फक्त जाताना एक करा. तुमच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या रुग्णांची यादी करा: गाव, गोळी, डोस, कोण गोळ्या मध्येच सोडतं. ती आरोग्यसेविकेसोबत बसून समजावून द्या. नर्सेस जसा पाळी बदलताना ओव्हर देतात, तसा. येणाऱ्या डॉक्टरला तुमचं वर्ष आयतं मिळेल.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा आहे. आमच्या गावातलं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. केंद्रातले म्हणतात, तू गावाची बाजू घेतेस. गाव म्हणतं, तू सरकारची माणूस. ताई, मी कुणाची?

उत्तर : ताई, तुम्ही दोन्हींकडच्या आहात, आणि हे काम आखलंच तसं गेलंय. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा आशा त्याच गावची बाई असावी, साधारण हजार वस्तीमागे एक, असं ठरलं. गावाने तिला आपली म्हणावं म्हणूनच. त्यामुळे 'गावाची बाजू घेतेस' हा तुमच्यावरचा आरोप मी तरी कौतुक म्हणून वाचेन.

माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. कागदावर तुम्ही 'स्वयंसेविका', कामावर आधारित मोबदला, आणि अपेक्षा मात्र कायम कर्मचाऱ्याच्या निष्ठेची. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण थकलेल्या मोबदल्याचा तगादा लावणाऱ्या आशांना 'सेवाभाव कुठं गेला?' असं विचारलेलंही मी ऐकलंय. सेवाभाव असला तरी घरातलं पीठ विकतच आणावं लागतं.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मी इतर वाचकांना सांगणार आहे, कारण ती कुठल्याही आदेशात नाही. टोळी निघायच्या आधी तुम्ही प्रत्येक गरोदर बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डाचा मोबाईलवर फोटो काढता आणि मुकादमाचा नंबर वहीत लिहून घेता. बाळ फडावर जन्मलं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी फोन करून बाळ अंगावर पितंय का, अंग तापलंय का ते विचारता. त्या फोनचे पैसे तुम्हाला कुणी देत नाही. तुमच्या गटप्रवर्तक ताईंना, म्हणजे आशांचं काम बघणाऱ्या ताईंना, ती वही दाखवा. शेजारच्या गावच्या आशांनाही ती पद्धत द्या, आणि तालुक्याच्या बैठकीत ती तुमच्या नावानेच सांगितली जाऊ द्या. दुसऱ्या कुणी आपलं म्हणून सांगितलं तर गप्प बसू नका.

प्रश्न : माझी आई जालन्याच्या एका दवाखान्यात १६ वर्षं सफाईचं काम करते. वॉर्ड तोच, ठेकेदार मात्र चार वेळा बदलला. दर वेळी नवीन ओळखपत्र, पगार दोन-दोन महिने उशिरा. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला म्हणते, सोड. ती म्हणते, "माझा वॉर्ड घाण पडल." तिची ही निष्ठा वेडेपणा आहे का? लोक तिचा फायदा घेतात.

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रातले दोन्ही प्रश्न वेगळे ठेव. लोक तिचा फायदा घेतात, हे खरं आहे. तिची निष्ठा वेडेपणा आहे, हे खरं नाही.

'माझा वॉर्ड' हा शब्द बघ. तुझ्या दवाखान्यातले किती जण तो म्हणतात? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मी रुग्णालयातल्या पाण्याची चणचण पाहिलीय. आमची एक मावशी हात धुतलेलं पाणी पिंपात साठवून त्यावर संडास धुवायची आणि चांगल्या पाण्याचं पिंप शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी झाकून ठेवायची. कुणी त्याला हात लावला तर चिडायची. तिचा पगारही ठेकेदाराकडून होता. जंतुसंसर्ग रोखायचं काम निम्मं अशा बायांच्या हातात असतं. तू वॉर्डात जाशील तेव्हा हे तुला रोज दिसेल.

आता फायदा घेणाऱ्यांबद्दल. तू शिकलेली आहेस, म्हणून ही कामं तुझी. आईचा भविष्यनिर्वाह निधीचा (पीएफचा) युएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक शोध. ठेकेदार कितीही बदलले तरी तो एकच राहायला हवा. दर वेळी नवा काढला असेल तर जुनी खाती त्यात जोडून घ्यावी लागतील. उमंग ॲपवर पासबुक उघडून बघ, दर महिन्याला तिचे १२ टक्के कापले जातात तेवढे आणि मालकाच्या वाट्याचे पैसे जमा होतात की नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेचं (ईएसआयचं) कार्ड आहे का, तेही बघ. पगाराबद्दल म्हणशील, तर ठेकेदाराने पैसे थकवले की मूळ मालकाने ते द्यायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेली आहे. म्हणजे दवाखान्याला 'ठेकेदाराला विचारा' म्हणून हात झटकता येत नाहीत. अर्ज कर, तारीख घाल, आवक क्रमांक घेऊन ये. एकटीचा नको, तिच्या वॉर्डातल्या सगळ्या बायांचा मिळून कर. प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला दे.

आणि तिला 'सोड' म्हणू नकोस. १६ वर्षांत चार ठेकेदार आले आणि गेले, वॉर्ड सांभाळला तो तिने. दिवाळीला घरी जाशील तेव्हा एक दिवस तिच्यासोबत पाळीला जा. फिनेल किती पाण्यात किती घालते, लाल आणि पिवळ्या पिशवीत काय जातं, काय जात नाही, सुई कुठे टाकते, हे तिच्याकडून शिकून घे. तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात ते आहेच. तिला ते १६ वर्षांपासून येतं, आणि तिच्याकडून शिकायला अजून कुणी आलेलं नाही.

पासबुकात काय निघालं ते मला कळव. पुढच्या महिन्यात त्यावर लिहीन.